मधोमध मारणारा माणूस

२ जानेवारी, सकाळ

नवीन वर्ष, नवीन डायरी. काल सुरू करायची होती, पण काल डोकं दुखत होतं. संकल्प असे: चहा बिनसाखरेचा. ऑफिसात आवाज चढवायचा नाही. हिला पुन्हा गोल्फ शिकवायचा. आणि यंदाचा ड्रायव्हर माझाच.

शेवटचा संकल्प नव्हे, नुसती औपचारिकता आहे. मालकांनी मीटिंगमध्ये सांगितलं की यंदा कारखान्यातून एकच ड्रायव्हर निघेल. नमुने दोन, एक माझा आणि एक माझ्याच विभागातल्या मॅडमचा. ज्याचा निवडला जाईल, डिझाइन विभाग त्याच्याकडे. विभाग गेली कित्येक वर्षं माझ्याकडेच आहे, तेव्हा हे म्हणजे घरमालकाला त्याच्याच घरात भाड्याने राहायचं का विचारण्यासारखं. मी हसून मान डोलावली. मॅडमने लिहून घेतलं.

ड्रायव्हर म्हणजे गोल्फमधली सगळ्यात लांब काठी, पहिला दणदणीत फटका मारायची. हे लोकांना समजावण्यात माझी हयात गेली. सासरेबुवा शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत होते की जावई ड्रायव्हर आहे, पण स्वभावाने बरा आहे. स्वभावाबद्दलचं त्यांनी नंतर नंतर सांगणं सोडलं.

७ जानेवारी

चहात अर्धाच चमचा साखर. एकदम तोडणं शरीराला मानवत नाही.

आज दोन्ही नमुने मालकांपुढे ठेवले. मॅडम चार वर्षांपूर्वी आमच्याकडे आली तेव्हा तिला कॅन्टीन कुठे आहे ते मी दाखवलं होतं. कानामागून आली आणि तिखट झाली. तिच्या ड्रायव्हरचं डोकं, म्हणजे काठीचा चेंडूवर आदळणारा खालचा भाग, वरून बघितलं तर पातेलं. मागे पसरट, अवाढव्य. वरचं छत धातूऐवजी कार्बन फायबरचं केलंय, आणि त्यातून वाचलेलं वजन पार मागच्या टोकाला स्क्रूने बसवलंय. समोरचा पत्रा मधे जाड, कडेला पातळ. म्हणजे चेंडू मधोमध लागला नाही, टाचेकडे म्हणजे दांड्याजवळ, किंवा पुढच्या टोकाकडे लागला, तरी डोकं हातात फिरत नाही आणि चेंडू जवळजवळ तेवढाच लांब, जवळजवळ सरळ जातो, असं तिचं म्हणणं.

मालकांनी विचारलं, वजन मागे नेल्याने डोकं का फिरत नाही. ती म्हणाली की दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या धरून, हात लांब करून उभ्या असलेल्या माणसाला खांद्यावर धक्का दिला तर तो रिकाम्या हाताच्या माणसासारखा गर्रकन वळत नाही. मालक उठले, दोन हातांत पाण्याच्या दोन बाटल्या धरल्या आणि सेल्सवाल्याला धक्का मारायला सांगितलं. सगळे हसले. हीच गोष्ट मी गेल्या वर्षी फळ्यावर तीन समीकरणं मांडून सांगितली होती. तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

माझं डोकं लहान, देखणं. वजन पुढे, पत्र्याच्या अगदी मागे. चेंडूला फिरकी कमी बसते, म्हणून तो हवेत रेंगाळत नाही, सुसाट जातो. फक्त मधोमध मारायचा. एका नाण्याएवढी जागा आहे. तिथे मारला तर स्वर्ग. बाहेर मारला तर चेंडू झाडीत जातो आणि हाताला झिणझिण्या येतात. मालकांनी विचारलं, हा दोष नाही का. मी म्हटलं, ही शिस्त आहे. चुकीची शिक्षा झाली नाही तर माणूस सुधारणार कसा?

सेल्सवाला म्हणाला, गिऱ्हाईक सुधारायला येत नाही, खेळायला येतं. आवाज चढवायचा नाही हा संकल्प दुपारपर्यंत टिकला.

१६ जानेवारी

आजचा दिवस माझा. रोबोटची चाचणी.

आमच्याकडे शेडमध्ये चेंडू मारणारा रोबोट आहे. एक लोखंडी हात, त्यात काठी अडकवायची. सांगाल तसा मारतो, थकत नाही, बायको-मुलांचा विचार करत नाही. माझा ड्रायव्हर मॅडमच्यापेक्षा नऊ यार्ड लांब गेला. प्रत्येक वेळी. मी तिथेच मालकांना फोन लावला.

रोबोटवाला म्हणाला की साहेब, तुम्ही सेटिंग मधोमधचंच ठेवायला सांगितलं होतं. म्हटलं, मग कुठलं ठेवणार? त्याने विचारलं, बोटभर बाजूला मारून बघू का. मी सांगितलं की यंत्राला चुकायला शिकवायचं नसतं. तो गप्प बसला. पटलं असावं.

१ फेब्रुवारी, रविवार

हिला घेऊन सरावाच्या मैदानावर. पूर्वी ही माझ्याबरोबर यायची, मग हळूहळू तिला पाठदुखी, भाजी आणायची, फोन यायचा असं काहीतरी निघू लागलं. माझाच ड्रायव्हर तिच्या हातात दिला. पहिला चेंडू उजवीकडच्या जाळीत, दुसराही, तिसरा दोन पावलं गडगडला. मी प्रत्येक चूक शांतपणे दाखवली. खांदा, मनगट, मान, पाय, आणि मुळात लक्षच नाही हे. लागलेल्या जागेला हात लावून दाखवलं की बघ, इथे लागला, इथे नाही लागायला पाहिजे. एकदाही ओरडलो नाही. शेजारचा माणूस उगाचच आमच्याकडे बघत होता.

थोड्या वेळाने ही म्हणाली की तुम्ही खेळा, मी गाडीत बसते. हट्टीपणा दुसरं काय. शिकायचंच नसेल तर ब्रह्मदेव आला तरी काय करणार.

मी मात्र झकास मारले. वाऱ्यामुळे थोडे इकडेतिकडे.

१२ फेब्रुवारी

मॅडमच्या आग्रहावरून आज सामान्य खेळाडू बोलावले. एक दाताचा डॉक्टर, एक निवृत्त मास्तरीणबाई, एक बेकरीवाला, आणखी असेच रविवारचे शूर. पत्र्यावर पांढरी पावडर मारतात, मग चेंडू कुठे लागला त्याची खूण उमटते. पत्रा बघून मला वाईट वाटलं. गोवर आल्यासारखा दिसत होता. नाण्याएवढ्या जागेत कोणीही नाही. दाताच्या डॉक्टरचे सगळे ठिपके पुढच्या टोकावर. हा माणूस लोकांच्या तोंडात ड्रिल घालतो.

मॅडमच्या पातेल्यावरही गोवर तसाच. म्हणजे खेळाडू तितकेच वाईट. फक्त तिचे चेंडू गवताच्या मधल्या पट्ट्यात पडत होते आणि माझे शोधायला दोन माणसं पाठवावी लागली. मास्तरीणबाई पातेलं परत देताना तिला धन्यवाद म्हणाल्या. मला कोणी काही म्हणालं नाही. डॉक्टर नुसताच हात चोळत होता.

रिपोर्टमध्ये लिहिलं: नमुन्यासाठी निवडलेली माणसं सदोष. नाचता येईना अंगण वाकडं, तर आम्ही अंगणं बदलत बसायचं काय? पुढच्या वेळी खेळाडूंची आधी परीक्षा घ्यावी असंही सुचवलं. मालकांनी त्यावर प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं. बहुधा तपशील हवे असतील.

२० फेब्रुवारी

उपाय सापडला. काठीची लांबी वाढवतो. काठी लांब, म्हणजे डोक्याचा वेग जास्त, म्हणजे चेंडू आणखी लांब. रोबोटवर लगेच पाहिलं, नऊचे चौदा यार्ड झाले. मॅडमने अदबीने सांगितलं की सर, काठी लांब झाली की माणसाला मधोमध मारणं आणखी अवघड होतं. तिला म्हटलं की रोबोटला झालं नाही. ती काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही. आजकालची मुलं वाद अर्धवट सोडतात.

चहाचं आता मोजत नाही.

६ मार्च

सामान्य खेळाडूंची दुसरी फेरी. आज नाव नोंदवून कोणीही यायचं होतं. मी जिन्यावरच्या काचेतून बघत होतो. चौथ्या जागेवर एक बाई, पाठमोरी. उभं राहण्याची पद्धत ओळखीची वाटली. खांदा चुकीचा.

ही होती.

मला सांगितलं नव्हतं. मॅडमने तिच्या हातात पातेलं दिलं, काही शिकवलं नाही, नुसतं म्हणाली असावी की मारा. हिने मारलं. टाचेकडे लागलं, हे मला वरून आवाजावरून कळलं. चेंडू सरळ गेला. म्हणजे अगदी सरळ नाही, पण गेला, लांब, मधल्या गवतात. ही तशीच उभी राहून बघत बसली. मग दुसरा. मग स्वतःच टोपलीतून चेंडू काढून ठेवायला लागली, घाईघाईने, कोणी हातातली काठी काढून घेईल अशा भीतीने.

मी खाली गेलो नाही. कामं होती.

७ मार्च

सकाळी हिनेच विषय काढला. म्हणाली, कंपनीच्या गेटवर पाटी वाचली, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आधी सराव करून घेतला असता. मग भाजी चिरता चिरता म्हणाली की इतकी वर्षं मला वाटायचं माझ्या हातातच दोष आहे. चुकलं तरी चेंडू पुढे जाऊ शकतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

खरं तर सांगायला हवं होतं की दोष आहेच, पातेल्याने तो झाकला एवढंच. पण ती भाजी चिरताना गुणगुणत होती. आमच्या घरात गुणगुणणं कधी बंद झालं ते मला आठवेना. मला फार राग आला. कोणाचा ते नीट सांगता येत नाही, पण बहुधा मॅडमचाच.

चिरंजीवांचा दुसऱ्या गावाहून फोन आला. तो नेहमी आईशीच बोलतो. आज स्पीकरवर होता. आईने चेंडूचं सांगितल्यावर खूप हसला, आणि मग म्हणाला की तो ड्रायव्हर बाबांनी केला नसणार. मी पेपर वाचत होतो. मला ऐकू आलं नाही असं दोघांनाही वाटलं.

१८ मार्च

मालकांचं फर्मान. अंतिम चाचणी २७ तारखेला, खऱ्या मैदानावर. स्वतः मालक मारणार, सेल्सवाला मारणार, आणि ज्यांनी ड्रायव्हर बनवले ते दोघेही मारणार. दोन्ही ड्रायव्हरने. पत्र्यावर पावडर लावून.

यापेक्षा चांगली बातमी नाही. कंपनीत सगळ्यांना ठाऊक आहे की मी मधोमध मारतो. मीच सांगत आलोय. माझ्या काठीला मी कधी पावडर लावली नाही, ज्याला खात्री आहे त्याला पावडर लागत नाही. मालकांना एकदा दिसू दे की माणूस शिस्तीत राहिला तर काय करू शकतो. मग निवाडा आपोआप झाला.

नवीन हातमोजे आणले. रोज सकाळी सराव करणार.

२३ मार्च

सकाळी गारठा असतो. सराव मनातल्या मनात केला. मोठे खेळाडूही असंच करतात म्हणे.

२७ मार्च, संध्याकाळ

आधी काय काय प्रतिकूल होतं ते लिहितो. वारा डावीकडून. ऊन डोळ्यांवर. नवीन हातमोजा तळव्याला कडक. माझ्या आधी सेल्सवाल्याने मारलं आणि जमीन उकरून ठेवली. मागे कोणीतरी खोकलं.

मालकांनी माझ्या ड्रायव्हरने मारलेला पहिला चेंडू पाण्यात गेला, दुसरा पाण्याच्या पलीकडे, जिथे जायचं नव्हतं तिथे. पातेल्याने मारलेले मधल्या गवतात. पत्रे पुसून पुन्हा पावडर मारली. मग मी. माझ्याच ड्रायव्हरने, लांब काठीने. पहिला झुडपात. दुसरा माझ्या पायांपासून फार दूर नाही. तिसरा खूप लांब गेला, पण बाजूच्या मैदानात, तिथे दुसरी माणसं खेळत होती, त्यांनी हात वर केले. मॅडम म्हणाली की सर, घाई नाही, हवे तेवढे घ्या. मी घेतले. हे माझं चुकलं. तिथेच थांबायला हवं होतं.

मग पातेलं. मी मुद्दाम निष्काळजीपणे मारलं. चेंडू सरळ गेला. आणखी निष्काळजीपणे मारलं. तोही गेला. किती वाईट मारू म्हणजे हा चेंडू नीट चुकेल, हे मला समजेना. आयुष्यात पहिल्यांदा ओळीने इतके चेंडू गवताच्या मधे पडलेले बघितले, आणि एका क्षणाला, फक्त एका, मजा वाटली. हे फक्त इथे लिहितोय.

शेवटी मालकांनी माझा पत्रा हातात घेतला. पावडरीवर टाचेला खूण, टोकाला खूण, वर, खाली, एक तर पत्र्याच्या कडेवर. नाण्याएवढी जागा तेवढी स्वच्छ. मालकांनी पत्रा उन्हात तिरका धरला. मग म्हणाले की जागा छान राखलीत. सेल्सवाला दुसरीकडे तोंड करून उभा राहिला.

पावडर जुनी होती का, हे विचारायचं राहिलं.

३० मार्च

पातेलं कारखान्यात जाणार. विभाग मॅडमकडे.

मी विशेष सल्लागार. मालकांनी स्वतः बोलावून सांगितलं, चहा दिला, साखर किती विचारलं. विशेष हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. सल्लागार हे पद आमच्याकडे याआधी कधीच नव्हतं, म्हणजे खास माझ्यासाठी निर्माण केलं. खोली गोदामाच्या बाजूला आहे, पण शांत. खिडकी नाही, त्यामुळे लक्ष विचलित होत नाही.

ही म्हणाली की वाईट वाटून घेऊ नका. म्हटलं, वाईट कसलं. मग मला रडू आलं. ऊन लागलं असणार परवा. ही पाठीवर हात ठेवून उभी राहिली. माझी कुठली चूक झाली हे तिने एकदाही दाखवलं नाही. मी वाट बघत होतो.

६ एप्रिल

देव आहे.

मॅडम आज स्वतः माझ्या खोलीत आली. खुर्ची एकच आहे, म्हणून उभीच राहिली. विचारलं की सर, रोबोटसाठी तुमचा फटका घेता येईल का. अंगाला ठिपके चिकटवून कॅमेऱ्यांपुढे मी मारायचं, आणि पुढे रोबोट अगदी माझ्यासारखा मारणार. प्रत्येक नवीन ड्रायव्हरची चाचणी माझ्या फटक्यावर होणार. म्हणाली की सगळ्या खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तुमच्यासारखं दुसरं कोणी सापडलं नाही.

शेवटी सोनं ते सोनं. एका दिवसाचा वारा आणि हातमोजा माणसाची किंमत ठरवत नाही, हे त्या मुलीला कळलं. मी तिच्याबद्दल जरा कडक लिहिलंय मागे. असो. मी मोठ्या मनाने हो म्हटलं.

घरी सांगितलं. हिने चिरंजीवाला फोन लावून दिला. त्याने विचारलं, तुमचाच का. म्हटलं, अनुभव. तो अभिनंदन म्हणाला.

९ एप्रिल

दोन दिवस कॅमेऱ्यांपुढे. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो, पण ठिपके चिकटवायला काढायला लावला. मी सावकाश, विचार करून मारत होतो, तर मॅडम म्हणाली की सर, विचार करू नका, नेहमी मारता तसेच मारा. मग मोकळेपणाने मारले. ती फार खूश दिसली. एकदा तर रोबोटवाल्याला म्हणाली, हे बघ, असं कोणाला मुद्दाम जमणार नाही.

१३ एप्रिल

सकाळी शेडमध्ये गेलो, माझा फटका बघायला. रोबोटच्या पडद्यावर पूर्वी एकच सेटिंग असायचं, मधोमध. आता खाली दुसरं आलंय. त्याचं नाव सर्वसाधारण खेळाडू.

रोबोटवाल्याला विचारलं, माझं कुठे आहे. त्याने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग उगाच एक स्क्रू घट्ट केला. म्हणाला, साहेब, हेच.

मी बसलो. त्याला वाटलं मला कळलं नाही, म्हणून त्याने समजावून सांगितलं, बिचारा मनापासून सांगत होता. बाकीचे सगळे एकाच बाजूला चुकतात. डॉक्टर नेहमी टोकावर, बेकरीवाला नेहमी खाली, आणि आपल्या वहिनी, रागावू नका साहेब, नेहमी टाचेला. अशा एकाच माणसावरून ड्रायव्हर बनवला तर बाकीच्यांची पंचाईत. तुम्ही मात्र सगळीकडे चुकता, सारखे चुकता. तुमच्या चुका सांभाळून घेणारा ड्रायव्हर जगात कोणाच्याही चुका सांभाळून घेईल. मॅडम म्हणतात की सरांना पुरून उरला तरच पुढे पाठवायचा. तो म्हणाला, फार मोठं काम केलंत साहेब.

मी त्याला सुरू कर म्हटलं. रोबोटने पातेलं उचललं. वर नेताना जरा थांबला, मग खांदा आधी सोडला, मनगट मागाहून. हे मी हिला हजार वेळा सांगितलं आहे की असं करू नये. चेंडू टाचेकडे लागला. शेडच्या दारातून सरळ बाहेर गेला, लांब, मधल्या गवतात पडला. दुसरा टोकाला लागला, तोही तिथेच पडला. तिसरा पत्र्याच्या वरच्या कडेला. रोबोटवाला प्रत्येक वेळी आकडा वाचत होता आणि हसत होता. मी बसून होतो. एकही फटका मधोमध लागला नाही, आणि प्रत्येक फटका मी ओळखला.

घरी आल्यावर हिने पाणी दिलं आणि विचारलं, कसा मारतो तुमचा रोबोट. चांगलं काहीतरी सांगायचं ठरवून आलो होतो.

म्हटलं, हुबेहूब माझ्यासारखा.